हातातून सुटल्यावर

२०१७ च्या फेब्रुवारीत एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात काचेचा पेला फुटला. मुलीच्या शाळेची बस यायची वेळ झाली होती, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि घरभर अनवाणी फिरणाऱ्या सासूबाईंच्या पायात काच जाऊ नये एवढीच मला काळजी होती, म्हणून मी सगळे तुकडे सुपलीत भरले आणि भाजीचे देठ, चहाचा चोथा, शिळा भात असलेल्या कचऱ्याच्या बादलीत ओतून टाकले. घरातल्या माणसांच्या पायांचा विचार मी केला होता. बादली दाराबाहेर गेल्यावर तिच्यात कोणाचे हात जाणार आहेत, हा विचार मनात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीचा कचरा गोळा करणाऱ्या मावशी आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला फडके गुंडाळलेले होते. कोणाच्या तरी ओल्या कचऱ्यात काच होती, निवडताना लागली, असे दारातल्या दारात सांगून त्या पुढच्या घराकडे वळल्या. ती काच कोणाच्या घरातली होती हे त्यांना ठाऊक नव्हते. मला होते.

मी ते त्यांना सांगितले, पण त्या दिवशी नाही. चार दिवस मी बादली दाराबाहेर ठेवून आत निघून जात होते. पाचव्या दिवशी दार उघडून उभी राहिले आणि माफी मागितली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, काच फुटली तर कागदात बांधून वेगळी देत जा. एवढं केलं तरी लई झालं." मला वाटले होते की त्या रागावतील, निदान ऐकवतील. त्यांनी एकच काम मागितले आणि तेही मला रोज करावे लागणारे नव्हते. आज आठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मागे वळून पाहताना मला वाटते की माझ्या घरात जे काही बदल टिकले, ते याच मापाचे होते, आणि जे मी मोठ्या निश्चयाने एकाच वेळी करायला गेले, ते बहुतेक सहा महिन्यांत गळून पडले.

मी पुण्यात राहते, त्यामुळे या विषयाला माझ्यापुरता एक ठोस आधार आहे. या शहरातल्या कचरावेचक स्त्रियांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही स्वतःची संघटना उभी केली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव यांची साथ त्यांना होती. उकिरड्यावर काम करणाऱ्या बाईकडे चोर म्हणून पाहणाऱ्या शहरात तिच्या हातात ओळखपत्र आले, ही घटना मला कोणत्याही स्वच्छता मोहिमेपेक्षा मोठी वाटते. पुढे याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार होऊन या स्त्रिया दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरांकडून मिळणारे मासिक शुल्क आणि सुका कचरा भंगारात विकून येणारे पैसे, यांवर त्यांचा संसार चालतो. म्हणजे मी दिलेला पुठ्ठा कोरडा आहे की आमटीने भिजलेला, यावर एका घरातल्या त्या दिवसाच्या मिळकतीचा काही भाग अवलंबून असतो. हे मला २०१७ पर्यंत माहीत नव्हते, आणि मी शिकलेली बाई आहे.

ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा करून देणे २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केले. तरीही आमच्या इमारतीत ते नियमाने फारसे झाले नाही. जिन्यात मावशींशी दोन शब्द बोलणाऱ्या घरांत ते आधी सुरू झाले. मी पहिल्या महिन्यात दोन बादल्या ठेवल्या. दुसऱ्या महिन्यात लक्षात आले की घरातली इतर तीन माणसे हाताला येईल त्या बादलीत टाकतात, कारण दोन्ही बादल्या एकाच रंगाच्या होत्या आणि ओट्याखाली एकमेकींना चिकटून ठेवलेल्या होत्या. सुक्याची बादली उचलून मी बाहेर पॅसेजमध्ये, रद्दीच्या कपाटाशेजारी नेली आणि गोंधळ निम्म्याने कमी झाला. घरच्यांना समजावण्यात मी जेवढी शक्ती घालवली होती, त्यापेक्षा बादली सहा पावले दूर नेण्याचा उपयोग अधिक झाला.

कचरा वेगळा करण्यापलीकडे जायला मला दुसरा एक प्रसंग कारण झाला. सासूबाईंना पालखीबरोबर एक दिवस तरी चालायचे होते, म्हणून २०१८ च्या आषाढवारीत आम्ही दोघी ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर हडपसरहून दिवे घाटाकडे निघालो. सासवड रस्त्याला उरुळी देवाची आणि फुरसुंगीचा परिसर लागतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे ज्या डेपोत नेऊन टाकला गेला, तो इथला. पावसाची भुरभुर चालू होती, टाळ-मृदंगाचा गजर होता, आणि वाऱ्याने दिशा बदलली तशी एक कुजकी, आंबट घाण आली. वारकऱ्यांनी पदर, उपरणी नाकाला लावली आणि अभंग न थांबवता ते चालत राहिले. सासूबाईंनी विचारले, "हा कसला वास गं?" मी सांगितले की आपल्या घरातून जाते ते इथे येते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "इथं माणसं राहतात ना?"

इथे माणसे राहतात. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्याने त्यांच्या विहिरी नासल्या, आणि त्यांनी शहराच्या गाड्या एकदा नव्हे, अनेकदा अडवल्या. २०१७ च्या उन्हाळ्यात डेपोला आग लागली तेव्हा आंदोलन तीन आठवडे चालले होते. त्या दिवसांत शहरात जागोजाग कुंड्या ओसंडत होत्या आणि आम्ही शहरातले लोक 'कचराकोंडी झाली' म्हणून वैतागत होतो, हे मला त्या रस्त्यावर चालताना आठवले आणि मान खाली गेली. ढिगात टाकलेला ओला कचरा हवेशिवाय कुजतो तेव्हा त्यातून मिथेन निघतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. हे आकडे मला आधीही वाचून माहीत होते. वास मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आला.

वारीहून परतल्यावर पंधरा दिवसांत गच्चीत खताची बादली आली. तिच्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण लोक सर्वांत आधी हीच गोष्ट सुरू करतात आणि सर्वांत आधी हीच सोडतात.

पहिली बादली पूर्णपणे बिघडली. मी भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या बादलीत रोजचा ओला कचरा टाकत गेले आणि वरून अधूनमधून मूठभर माती. जुलैचा महिना, हवेत ओल, कचऱ्यात टरबूज-काकडीची साले आणि भाताची पेज. दहा दिवसांत तळाशी काळा चिखल साचला, सडक्या अंड्यासारखा वास सुटला आणि पांढऱ्या-करड्या अळ्या वळवळू लागल्या. त्यातच बादलीचे पाणी कठड्यावरून खाली ओघळले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर पडले. मी चादर धुऊन दिली, तरी एक पिवळट डाग राहिलाच. काकूंनी तो मला पुन्हा कधी दाखवला नाही, पण त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होत्या.

चूक कुठे झाली हे मला नंतर उमगले. कुजण्याच्या क्रियेत जिवाणूंना नायट्रोजनबरोबर भरपूर कार्बन लागतो, साधारण तीसास एक या प्रमाणात. भाजीपाल्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त. कार्बन असतो वाळलेल्या पानांत, लाकडाच्या भुशात, पुठ्ठ्यात, नारळाच्या काथ्याच्या भुकटीत. मी बादलीला फक्त ओले खायला घालत होते, सुके देतच नव्हते. आमच्या रस्त्यावर पर्जन्यवृक्षांची रांग आहे आणि त्यांची पाने झाडून रोज पेटवली जात. मी झाडणाऱ्या काकांशी बोलून फेब्रुवारी-मार्चमध्ये चार पोती पाने भरून घेतली, ती गच्चीच्या आडोशाला ठेवली, आणि तेव्हापासून नियम असा ठेवला की एक वाटी ओल्यावर निदान दीड वाटी सुके. दोन-तीन दिवसांनी सळईने ढवळायचे. आंबट ताक उरले तर पाणी घालून शिंपडायचे. पावसाळ्यात सुक्याचे प्रमाण वाढवायचे. मूठ दाबली की पाणी टपकू नये, पण हात ओला वाटावा, एवढीच ओल. तेवढी पाने पेटायची वाचली, हा लाभ मी ठरवून मिळवलेला नव्हता.

अळ्यांची मला किळस वाटत असे, आणि ती पूर्णपणे गेली असे मी म्हणणार नाही. त्या बहुतेक एका काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या कचरा झपाट्याने खातात, माणसाला चावत नाहीत आणि रोग पसरवत नाहीत. सासूबाईंची हरकत निराळी होती. खरकटे आणि किडे असलेली वस्तू तुळशीच्या शेजारी ठेवायची नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते मान्य करण्यात काहीच अडचण नव्हती. बादली पश्चिमेच्या कोपऱ्यात गेली, शिजवलेले अन्न आणि तेलकट पदार्थ तिच्यात जायचे नाहीत असेही ठरले. त्यामुळे आजही आमच्या घरातला सगळा ओला कचरा गच्चीत जिरत नाही. एकदा मी महिनाभर रोज वजन केले: दिवसाला सरासरी सहाशे ग्रॅम ओला कचरा निघत होता आणि त्यातला साडेचारशे ग्रॅम बादलीत जात होता. उरलेला दीडशे ग्रॅम मावशींकडे जातो. आंब्याच्या दिवसांत हा हिशेब कोलमडतो, कारण कोयी वर्षभर तशाच्या तशा राहतात. मे महिन्यात आम्ही गावाला गेलो की तीन आठवडे बादली वाळून कोरडी पडते आणि परतल्यावर तिला पुन्हा जागे करावे लागते. तीन महिन्यांनी जे खत निघते ते काळे, भुसभुशीत असते आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. ते खत हातात घेऊन सासूबाईंनी स्वतः तुळशीच्या वृंदावनात घातले, तेव्हा मी गच्चीच्या दाराशी उभी होते आणि मला फार आनंद झाला.

सुक्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या हा मोठा भाग होता. माझ्या सासरी त्या धुऊन, वाळवून, गठ्ठा करून विकण्याची रीत जुनीच होती. मी लग्न होऊन आले तेव्हा मला ती चिंगूसपणाची वाटली होती. मध्यंतरी मीच ती मोडली आणि मीच पुन्हा सुरू केली. एक बारीकसा बदल मावशींनी शिकवला. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडायचा नाही, थोडासा चिकटलेला ठेवायचा, कारण तो नखाएवढा तुकडा सुटा झाला की तो कोणाच्याच हाती लागत नाही. झाडूने गटारात जातो, गटारातून मुठेत. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली तेव्हा काही महिने बाजारात पिशव्या दिसेनाशा झाल्या होत्या आणि मग हळूहळू त्या परत आल्या. मी दुकानदारांना दोष देत बसले होते. पण मंडईत पिशवी न घेता गेलेली मीही होतेच, आणि समोरच्या भाजीवालीने पिशवी नाही म्हटले असते तर मी शेजारच्या गाळ्याकडे वळले असते. आता स्कूटरच्या डिकीत दोन आणि माझ्या पर्समध्ये एक कापडी पिशवी कायम असते. तरीही महिन्यातून दोनदा तरी ती विसरते.

मासिक पाळीविषयी आमच्या पिढीतल्या अनेक जणी अजूनही हातचे राखून लिहितात, पण हातांचा विषय निघाला आहे तर तो इथे टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वापरलेले पॅड मी अनेक वर्षे काळ्या पिशवीत घालून, गाठ मारून कचऱ्यात टाकत असे आणि आपण नीटनेटके वागलो असे मला वाटे. गाठ मारलेली काळी पिशवी कचरा निवडणाऱ्या बाईला उघडावीच लागते, कारण आत विकण्याजोगे काही आहे का हे बाहेरून कळत नाही. दुसऱ्या स्त्रीचे रक्त तिच्या हाताला लागते. पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांनीच यावर उपाय सुचवला: पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वर ठळक लाल ठिपका काढा, म्हणजे उघडण्याची गरज पडत नाही. हा ठिपका काढायला दोन सेकंद लागतात आणि एक रुपयाही लागत नाही. मी २०१९ पासून सिलिकॉनचा कप वापरते. पहिले तीन महिने त्रासाचे गेले, आता तो सवयीचा झाला आहे. माझी मुलगी पॅड वापरते. मी तिला एकदा कप दाखवला, ती नको म्हणाली, आणि मी पुन्हा विचारले नाही. शरीर तिचे आहे. लाल ठिपका मात्र ती न चुकता काढते.

गणपतीचा बदल आमच्या घरात सर्वांत शांतपणे झाला, याचे श्रेय सासूबाईंचे. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. पुण्यात तर अशी मूर्ती बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालून विरघळवण्याची पद्धत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने लोकांपुढे ठेवली, तिच्यातून खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून चालणारे अमोनियम सल्फेट मिळते. आम्ही एक वर्ष तसे केले. पुढच्या वर्षी शाडूची मूर्ती आणली आणि घरच्या पितळी घंगाळात विसर्जन केले. मला भीती होती की नदी सोडून घंगाळ म्हटल्यावर सासूबाई दुखावतील. त्यांनी एवढेच सांगितले की ते पाणी कोणाच्या पायाखाली येता कामा नये, आणि मग दुसऱ्या दिवशी ते प्राजक्ताच्या मुळाशी घातले. शाडूचा गाळ कुंडीत ओतला तेव्हा माती सिमेंटसारखी घट्ट झाली आणि झाड दोन महिने रुसले. शाडू ही चिकण माती आहे, ती गुजरातेतून इथवर येते आणि तीही जमिनीतून खणूनच काढलेली असते. म्हणून आता गाळ वाळवून ढेप करतो आणि मूर्तिकाराला परत देतो, ते ती पुढच्या वर्षी पुन्हा भिजवतात. आपल्या घरातल्या मूर्तीत गेल्या वर्षीच्या मूर्तीची माती असणार, हे सासूबाईंना इतके आवडले की त्यांनी ते सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगितले.

रेशमाचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. मुलगी सातवीत असताना तिने रेशीम कसे काढतात हे वाचले आणि माझे कपाट उघडून विचारले की यातल्या प्रत्येक साडीसाठी किती किडे मारले. तुतीच्या रेशमाचा एक कोश म्हणजे हजार मीटरच्या आसपास लांबीचा एकसंध धागा. पतंग कोश फोडून बाहेर आला तर तो धागा तुटतो, म्हणून त्याआधीच वाफेने किंवा गरम हवेने आतला जीव मारला जातो. मी लहानपणी जीवशास्त्रात हे शिकले होते आणि तरीही लग्नात तीन रेशमी साड्या नेसले होते. त्या दिवशी मी ठरवले की नवे रेशीम विकत घ्यायचे नाही, असलेले नेसायचे. चार वर्षे ते पाळले. मग सासूबाईंनी आपल्या पंचाहत्तरीला स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून माझ्यासाठी येवल्याची पैठणी आणली, हातमागावरची, पदरावर मोर. विणकराच्या घरी बसून, माग बघून त्यांनी ती निवडली होती. त्या घरातली नवरा-बायको दोघे मिळून दोन महिने त्या साडीवर बसले होते. मी ती घेतली आणि नेसले. माझी मुलगी त्या दिवशी काही बोलली नाही, पण तिने पाहिले.

माझ्या हातातून सुटलेली वस्तू कोणाच्या हातात जाते, हा प्रश्न मला बहुतेक ठिकाणी वाट दाखवतो. इथे मात्र तो मला दोन दिशांना ओढतो. ती साडी दोन विणकरांच्या हातांतून माझ्याकडे आली, एका वृद्ध स्त्रीच्या हातांनी मला दिली, आणि तिच्या मुळाशी हजारो मुके जीव आहेत ज्यांना हात नाहीत. सुती पैठणीही विणली जाते हे मला नंतर कळले आणि मी ते सासूबाईंना सांगितलेले नाही. पुढे कधी घेण्याची वेळ आली तर मी सुती घेईन. ही पैठणी मी जपून ठेवणार आहे, कारण ती फेकून किंवा देऊन टाकून कोणाचाही जीव परत येणार नाही.

काही गोष्टी मी केलेल्याच नाहीत, त्याही लिहायला हव्यात. २०२४ च्या एप्रिलमध्ये सासूबाईंना उन्हाचा त्रास होऊन दोन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले, आणि आठवड्याभरात त्यांच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसले. पाच तारे असलेले घेतले, २६ अंशांवर ठेवतो, तरी विजेचे बिल वाढले आणि त्या विजेतला मोठा भाग कोळशातूनच येतो. मी त्याबद्दल दिलगीर नाही. त्या खोलीत माझी सासू झोपते. आमच्याकडे पेट्रोलची गाडी आहे आणि मी कामावर जाताना आठवड्यातून दोन दिवस बस घेते, पाचही दिवस नाही. दुधाचे पदार्थ आम्ही खातो. गायी-म्हशींच्या नर वासरांचे पुढे काय होते हे वाचल्यावर घरात सोयाबीनचे दूध करून पाहिले. चहात ते कोणालाच आवडले नाही आणि मुलीने एकटीने वर्षभर ते घेतले. तूप आम्ही कमी केले, बंद केले नाही.

मला भेटणाऱ्या अनेक मैत्रिणी म्हणतात की एवढेच करून काय होणार, किंवा सगळेच जमणार नसेल तर सुरुवात कशाला करायची. हा विचार मलाही अनेक रात्री पडला आहे, विशेषतः बातम्यांत कोणत्या तरी नदीवर पांढरा फेस तरंगताना पाहिला की. कारखान्यांचे सांडपाणी आणि शहरांचे मैलापाणी माझ्या बादलीने अडणार नाही; त्यासाठी कायदे लागतात, ते पाळायला लावणारी यंत्रणा लागते आणि तिला प्रश्न विचारणारे नागरिक लागतात. मी वॉर्ड कार्यालयाच्या सभांना जाऊ लागले ते खताची बादली लावल्यानंतर, आधी नव्हे. पाने पेटवू नयेत म्हणून अर्ज केला, तो दोनदा हरवला, तिसऱ्यांदा त्यावर पोच मिळाली. पाने आता आमच्या रस्त्यावर पेटत नाहीत, शेजारच्या रस्त्यावर पेटतात.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी गेल्या वर्षी स्वतःहून विचारले की त्यांनाही बादली लावून देता येईल का. त्यांच्या गच्चीखाली पहिला मजला आहे, म्हणून मी आधी बादलीखाली ठेवायला परात दिली.

या पावसाळ्यात मावशींनी एक नवी गोष्ट दाखवली. त्यांनी आमच्या सुक्या कचऱ्याची पिशवी जिन्यात उघडली, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या बाजूला काढल्या आणि उरलेला ढीग माझ्यापुढे धरला: बिस्किटांची, वेफर्सची, चिवड्याची आणि मसाल्यांची चकचकीत पाकिटे. "ह्याला कोणी घेत नाही, ताई. ह्याला भावच नाही." आतून चांदीसारखी दिसणारी ही पाकिटे प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून केलेली असतात, ते थर सुटे करणे इतके अवघड आणि खर्चाचे आहे की भंगारवाला ती तोलतच नाही. मी ती महिनाभर साठवली. एक गोणी भरली. आमच्या चार माणसांच्या घरातून, आठ वर्षे कचऱ्याचा विचार करणाऱ्या घरातून, महिन्याला एक गोणी अशी निघते जी मावशींनी फक्त वाहून न्यायची आणि तिचा एक पैसाही त्यांना मिळायचा नाही.

तिखट आणि गोडा मसाला पुन्हा घरी कुटून आणायचा असे सासूबाईंनी लगेच ठरवले. गिरणी अजून चालू आहे का, याची चौकशीही त्यांनी केली. बिस्किटांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही, कारण मुलगी अभ्यासाला बसते तेव्हा तिला तीच लागतात. चिवडा, फरसाण आणि शेंगदाणे मात्र पेठेतल्या एका जुन्या दुकानात सुटे मिळतात. गेल्या रविवारी मी स्टीलचे दोन डबे घेऊन तिथे गेले. गल्ल्यावरच्या तरुणाला डब्यात कसे द्यायचे ते कळेना. काट्यावर डब्याचेही वजन येते, असे तो म्हणाला. मागे बसलेले त्याचे आजोबा उठून आले, त्यांनी रिकामा डबा काट्यावर ठेवला, "आधी डब्याचा धडा करायचा" असे नातवाला सांगितले आणि आकडा शून्यावर आणणारे बटण दाबून दाखवले. मग अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा त्यांनी स्वतः डब्यात भरला. दुसऱ्या डब्याचे वजन त्या मुलाने केले.